अशक्याचे वकील

वकीलसाहेब गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी कोर्टाच्या आवारात, बार रूममध्ये शोकसभा झाली. नऊ जण बोलले. त्यातले सात जण म्हणाले, "त्यांच्या जाण्यानं जी पोकळी निर्माण झाली आहे ती भरून निघणं अशक्य आहे." मी, त्यांची ज्युनिअर, मागच्या बाकावर बसून मोजत होते. रडू येत होतं आणि हसूही आवरत नव्हतं, कारण साहेब तिथं असते तर पहिल्याच वक्त्याला त्यांनी मधेच थांबवलं असतं. "थांबा, थांबा. अशक्य म्हंजी कोनतं अशक्य? भरनं व्हतच न्हाई, कुनी भरू देत न्हाई, का तुमालाच भरायची न्हाई?" पोकळी तर आठ दिवसांत भरली. खिडकीजवळची त्यांची खुर्ची, जिच्यावर माझ्या आठवणीत दुसरं कुणी बसलं नव्हतं, ती पुढच्या सोमवारी एका नव्या वकिलानं पंख्याखाली ओढून घेतली. मला त्याचा इतका राग आला की दोन दिवस मी त्याच्याशी बोलले नाही. त्या बिचाऱ्याचा काही दोष नव्हता, पण राग आला.

जिंतूरच्या बस स्टँडसमोर बी-बियाणं आणि फवारणीच्या औषधांचं एक दुकान आहे. त्याच्या वरच्या माडीत साहेबांचं ऑफिस. खालच्या औषधांचा वास जिन्यातून वर चढायचा, त्यामुळं अशील आधी शिंकायचा आणि मग नमस्कार करायचा. साहेबांना त्या वासाचं काही वाटत नसे. बुटकी मूर्ती, विटून विटून तपकिरी झालेला काळा कोट, आणि कोटाच्या खिशात कोर्टाच्या तारखांच्या जुन्या बोर्डाच्या कागदात बांधलेला भाजका ओवा. विचार करायची वेळ आली की चिमूटभर ओवा तोंडात जायचा. भर युक्तिवादात ते समोरच्या वकिलालाही पुडी पुढं करायचे, आणि तोही सवयीनं चिमूट उचलायचा.

"शक्य नाही" हे दोन शब्द त्यांच्यासमोर उच्चारले की माणूस अडकलाच. कोण आहे, कुठं आहे, घाईत आहे का, हे ते बघायचे नाहीत. एकदा नकलांच्या टेबलावरच्या कारकुनानं त्यांना सांगितलं, "साहेब, आज नक्कल मिळणं शक्य नाही." साहेबांनी शेजारचं स्टूल ओढलं, शांतपणे बसले आणि विचारलं, "कागद जळला का?" नाही. "कुनी देऊ नको म्हनलं का?" तसंही नाही. "मग हात दुखायलाय का?" कारकून ओशाळून हसला. साहेब म्हणाले, "मंग ह्ये तिसरं अशक्य हाय. मी बसतो." दुपारच्या चहाच्या आत नक्कल मिळाली.

त्यांच्या हिशेबी अशक्य तीन तऱ्हेचं होतं. जे होतच नाही ते पहिलं. जे होतं, पण कायदा किंवा माणसं होऊ देत नाहीत ते दुसरं. आणि जे करायचंच नाही ते तिसरं. जगात तिसऱ्याचा सुकाळ आहे, दुसरं पुष्कळ आहे आणि पहिलं इतकं कमी आहे की दिसलं तर थांबून बघावं, असं त्यांचं म्हणणं. घरी काकूंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, हे सगळं पाठ झालं होतं. श्रावणातल्या एका रविवारी मी तिथंच होते. साहेब म्हणाले, "आज पुरनपोळी करा." काकू म्हणाल्या, "आज शक्य नाही." साहेबांनी तोंड उघडायच्या आतच त्यांनी सांगून टाकलं, "तिसरं," आणि त्या आतल्या खोलीत जाऊन पडल्या. साहेब खूश झाले. त्या दिवशी आम्ही पिठलं-भाकरी खाल्ली आणि जेवताना ते दोनदा म्हणाले, "बाई खरं बोलली."

पहिल्या तऱ्हेचं, म्हणजे अस्सल अशक्य भेटलं की मात्र ते हात जोडायचे. खरोखरच जोडायचे, देवळात जोडतात तसे. झरीकडचा एक शेतकरी आला होता. भांडणाच्या वेळी आपण सेलूच्या बाजारात होतो असं त्याला जबाबात लिहायचं होतं, आणि त्याच वेळी बांधावर उभं राहून शेजाऱ्याला नांगर फिरवताना डोळ्यांनी पाहिलं असंही लिहायचं होतं. साहेबांनी त्याला उठून उभं राहायला लावलं. "एक मानूस, एकच टाइम, आन दोन गावं. ह्ये मोठं दैवत हाय, ह्येच्यापुढं वकील चालत न्हाई. जोड हात." तो बिचारा खरंच हात जोडून उभा राहिला. मग साहेब म्हणाले, "आता खाली बस आन एक गाव निवड."

कायद्यातलं अशक्य समजावून सांगताना ते पुस्तक उघडत नसत, बैल आणायचे. एकानं पेरणीला तीन दिवस बैलजोडी द्यायची कबुली दिली आणि पेरणीच्या आदल्या दिवशी एक बैल साप चावून मेला. ज्याला जोडी हवी होती तो कोर्टात गेला. साहेब मेलेल्या बैलाच्या बाजूनं उभे राहिले आणि जिंकले. "बैल मेला तिथं करार मेला. मेलेला बैल नांगराला जुपा म्हनून कोनतंबी कोर्ट सांगत न्हाई," असं ते मला दहादा तरी म्हणाले असतील. पण एका टेंपोवाल्यानं पूल बंद असल्यामुळं कापूस पोचवणं अशक्य झालं असं सांगितलं तेव्हा ते त्याच्यावर उखडले. "लांबून जायचं व्हतं. बारा कोस जास्त पडले आसते. त्याला तरास म्हनत्यात. तरास आन अशक्य येगळं, बाबा." आपल्याकडं लोक त्रासालाच अशक्य म्हणतात, हे त्यांचं मोठं दुःख होतं.

एसटीच्या कंडक्टरांशी तर त्यांचं हाडवैर. परभणीला जाणाऱ्या भरल्या गाडीत कंडक्टर दारातून ओरडला, "आता एक बी मानूस चढनं शक्य न्हाई!" आम्ही दोघं आधीच आत होतो, तेव्हा खरं तर आमचा काही संबंध नव्हता. पण साहेब माणसांच्या खालून, पिशव्यांच्या मधून बोटावर मोजत राहिले. झरी येईपर्यंत आणखी अकरा जण चढले, त्यात एकाच्या हातात कोंबडी होती. झरीला साहेबांनी सगळ्या गाडीला ऐकू जाईल असं जाहीर केलं, "अकरा अशक्य मानसं आत आल्यात, मंडळी. बारावी कोंबडी." लोक हसले. कंडक्टर पण हसला, आणि मग त्यानं साहेबांना बसायला स्वतःची जागा दिली.

सातबाऱ्यावरची 'पोटखराब' ही नोंद त्यांना फार आवडायची. पोटखराब म्हणजे जिथं पीक येणं शक्य नाही अशी जमीन; कागदावर तसं लिहिलेलं असतं. कुठल्याही गावाला गेलो की ते तलाठ्याकडून पोटखराबाचा तुकडा विचारून घ्यायचे आणि ऊन असो, चिखल असो, तो बघायला जायचे. निम्म्या ठिकाणी त्यात कापूस उभा असायचा. "कागदावर अशक्य, आन रानात बोंडं फुटल्यात," असं म्हणत ते बांधावर उभे राहायचे. तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद असायचा तो निकाल जिंकल्यावरही मी पाहिला नाही. त्यांच्यामागून चिखलात चालताना मी मनात वैतागायचे. आता मी एकटीच गावोगाव जाते. पोटखराबाचे तुकडे नुसते डोळ्यांनी शोधते, आत शिरत नाही. दाखवायचं कुणाला?

मी त्यांची ज्युनिअर झाले ही फार पुढची गोष्ट. त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी अकरावीत होते आणि आईच्या मागं उभी होते.

आमचं गाव जिंतूरपासून दोन कोसांवर. मी चौथीत असताना, कपाशीच्या फवारणीच्या दिवसांत, आमचे आण्णा, म्हणजे माझे वडील, फवारणीच्या पंपाचा वायसर आणायला जिंतूरला गेले आणि परत आले नाहीत. भांडण नव्हतं, आजार नव्हता, कुणाचा जाच नव्हता. सकाळी भाकरी खाऊन, पंप उघडा ठेवून गेले. पोलिसांत वर्दी दिली, पाहुण्यांत विचारून झालं, देवऋषी झाले. चुलत्यानं दोन महिने नांदेडपासून सोलापूरपर्यंत तपास केला. कुठंच काही नाही. पंप तसाच उघडा कोपऱ्यात राहिला, कारण आई कुणाला हात लावू देत नव्हती.

आण्णांच्या नावावर अडीच एकर जमीन होती. चुलता ती कसायला लागला. पहिली दोन वर्षं त्यानं निम्मं धान्य आणून टाकलं, मग पाव, मग सणाला पायली. आई मागायला गेली की म्हणायचा, "भाऊ आल्यावर त्येचं त्येला देईन. तू कोन?" तोंड वाकडं करून नव्हे, अगदी साधेपणानं म्हणायचा. आणि कागदोपत्री त्याचं बरोबरच होतं. सातबाऱ्यावर आण्णांचं नाव, आणि जिवंत माणसाच्या जमिनीला वारस लागत नाही. आम्ही मायलेकी दुसऱ्यांच्या रानात खुरपायला जायचो आणि येताना आपल्याच रानाच्या बांधावरून यायचो.

सात वर्षं झाल्यावर कुणीतरी आईला सांगितलं की कायद्यात सोय आहे. सात वर्षं ज्याचा ठावठिकाणा नाही तो मेला असं कोर्टाकडून लिहून घेता येतं, मग जमीन बायकोच्या नावावर होते. आई एका वकिलाकडं गेली. तो म्हणाला, "काम होईल, पण बाई, तारखेला कुंकू लावून येऊ नका." आई तिथून उठली ती सरळ रस्त्यावर आली. ती बस स्टँडवर जाऊन उभी राहिली. तिचं ते कुंकू पै-एवढं होतं, ठसठशीत, आणि सात वर्षांत एक दिवस चुकलं नव्हतं. शिवाय तिला दुसरी भीती होती. आमच्या भावकीत रीत अशी की नवरा गेल्याची खबर आली की बाया घरी येतात, कुंकू पुसतात, बांगड्या फोडतात. कोर्टाचा कागद आला की त्या येणार, आणि ते तिला सहन होणार नव्हतं. समोरच्या पानटपरीवाल्यानं आमची तोंडं बघून माडीकडं बोट दाखवलं. "तितं जा माय. येडा हाय, पर ऐकून घेतो."

आम्ही शिंकत वर गेलो.

साहेबांनी सगळं ऐकलं. मध्ये एक शब्द बोलले नाहीत. शेवटी आई म्हणाली, "जमीन माज्या नावानं करा, साहेब. लेकराच्या पोटाचं हाय. पर ते मेले आसं म्हननं मला शक्य न्हाई."

साहेबांचे डोळे एकदम चमकले. "कोनतं न्हाई, बाई? म्हनता येत न्हाई, कुनी म्हनू देत न्हाई, का म्हनायचं न्हाई?"

आई म्हणाली, "जीभच उठत न्हाई, साहेब."

त्यांनी ओव्याची पुडी काढली, उघडली आणि न खाता पुन्हा बांधली. मग ते हळू आवाजात म्हणाले, "कायदा तुमाला मेले म्हना आसं सांगतच न्हाई. कायदा येवढंच इचारतो, की ज्येनला खबर लागायलाच पायजे व्हती त्येनला सात वर्सं खबर लागली का. न्हाई लागली, तर कोर्ट धरून चालतंय. आता, धरून चालनं येगळं आन आसनं येगळं. तुमी कुकू लावून या."

दावा लागला. आता मी वकील आहे म्हणून मला त्या दाव्याची गंमत कळते. गंमत म्हणायचं धाडस करते कारण साहेबही तसंच म्हणायचे. चुलत्याची कैफियत अशी, की भाऊ जिवंत आहे, तो येईल. आईच्याही मनात तेच. म्हणजे वादी आणि प्रतिवादी दोघांचाही एकाच गोष्टीवर विश्वास, आणि दावा जिंकायचा तर तीच गोष्ट पडायला हवी. साहेब ऑफिसात फेऱ्या मारत म्हणायचे, "भांडू कुनाशी? दोगं एकच बोलायलेत!" पण रात्री मला झोप लागायची नाही. दावा हरलो तर पुन्हा दुसऱ्यांच्या रानात खुरपं, माझी शाळा बंद, आणि चुलत्यानं बघून ठेवलेलं स्थळ. जिंकलो तर आईचं कपाळ. कशासाठी देवाला हात जोडावेत ते मला कळत नव्हतं.

आईच्या उलटतपासणीच्या दिवशी चुलत्याच्या वकिलानं पहिलाच प्रश्न विचारला, "बाई, कपाळावर काय आहे?"

"कुकू."

"कुणाच्या नावाचं?"

आईनं आण्णांचं नाव घेतलं नाही, आमच्याकडं बायका घेत नाहीत. ती म्हणाली, "मालकाच्या."

"म्हणजे ते जिवंत आहेत असं तुम्हाला वाटतं."

"वाटतंय."

वकील खाली बसला. त्याला आणखी काही विचारायचंच नव्हतं. चुलत्यानं मान खाली घातली. तो हसत होता की काय ते मला दिसलं नाही.

साहेब उठले. त्यांनी एकच प्रश्न विचारायची परवानगी मागितली. "बाई, वाटनं बाजूला ठिवा. वाटनं तुमचं हाय, त्येच्यात कोर्टाचं काम न्हाई. सात वर्सांत त्येंची चिठ्ठी, फोन, निरोप, कुनाच्या तोंडून एखादा शब्द, काय बी तुमच्या कानावर आलं का?"

आईनं कठडा दोन्ही हातांनी धरला. न्यायाधीशांनी लिहिता लिहिता वर बघितलं. मी पुढच्या बाकावर होते, मला तिच्या बांगड्यांचा आवाज येत होता. शेवटी ती म्हणाली, "न्हाई आलं." मग, जणू आपलंच बोलणं आपण नीट ऐकलं नाही अशी, पुन्हा म्हणाली, "येकदा बी न्हाई आलं, साहेब." आणि पदर तोंडाला लावून ती तिथंच रडायला लागली. सात वर्षांत मी तिला रडताना पाहिलं नव्हतं. ती खुरपायची, भाकरी करायची, मला ओरडायची, पण रडली नव्हती. आण्णा गेले हे मला त्या दिवशी, कोर्टात, अकरावीच्या वर्षी कळलं.

मग चुलत्याची पाळी आली. साहेबांनी त्याला तोच प्रश्न विचारला आणि त्यानंही तेच उत्तर दिलं, काही कानावर आलं नाही. "मंग जिवंत हाय कशावरून म्हनता?"

चुलता अचानक मोठ्यानं बोलला. "माजा भाऊ हाय त्यो! मला खांद्यावर घिऊन जत्रा दावलेला. त्यो आसा मरनं शक्यच न्हाई!"

सगळे साहेबांकडं बघायला लागले. त्यांना ओळखणारा प्रत्येक माणूस, पट्टेवाल्यासकट, आता येणारच म्हणून त्या प्रश्नाची वाट बघत होता. साहेबांनी तोंड उघडलं, चुलत्याकडं पाहिलं, आणि तोंड मिटलं. "आणखी प्रश्न नाहीत," असं स्वच्छ पुस्तकी मराठीत म्हणून ते खाली बसले. मी नंतर खूप वर्षांनी विचारलं, तेव्हा म्हणाले, "त्येची जमिनीवर नजर व्हती ते बी खरं, आन त्येच्या नरड्यात आलेलं बी खरं. ते माज्या तिन्हीत कुटं बसंना."

निकाल आमच्या बाजूनं लागला. इंग्रजीत होता, चार पानी. मला त्यातले सुटे शब्द कळत होते, आईला तेवढेही नाहीत. आम्ही आनंदानं नव्हे, भीतीनं गप्प झालो, कारण आता गाव समोर होतं. साहेबांनी आमच्या तोंडाकडं पाहिलं, ओवा तोंडात टाकला आणि म्हणाले, "चला. मी येतो." ते अशिलाच्या गावाला जमीन बघायला जायचे, पण कुणाच्या घरी कधी जात नसत. त्या दिवशी आमच्याबरोबर दुपारच्या गाडीत उभे राहून आले.

बातमी आमच्या आधी पोचली होती. दारात भावकीतल्या सात-आठ बाया बसल्या होत्या. आईच्या थोरल्या चुलतसासूच्या हातात कुंकू पुसायला पाण्याचा तांब्या होता. आई फाटकापाशी थांबली आणि तिनं माझा दंड इतका घट्ट धरला की दोन दिवस वळ राहिला. बाया रडायला सुरुवात करणार तेवढ्यात साहेब पुढं झाले. त्यांनी कोट घातला, त्या उन्हात, बटणं लावली. कागद उघडला आणि कोर्टात वाचतात तशा ठणठणीत आवाजात वाचायला लागले.

"हुकूम असा आहे की, सदरहू इसमाची सात वर्षे खबर नाही. सबब, केवळ जमिनीच्या कामापुरता तो नाही असे धरून चालावे. कुंकू, बांगड्या, देवधर्म आणि घरची रीतभात यांस हा हुकूम लागू नाही. त्यात कोणी हात घालू नये."

थोरली चुलतसासू तांब्या खाली ठेवत म्हणाली, "कुकवाचं बी लिवलंय का, साहेब?"

"लिवलंय."

"कोर्टानं?"

"कोर्टानंच. शिक्का हाय बगा." त्यांनी शिक्का दाखवला. तिनं लांबूनच शिक्क्याकडं बघितलं, मग आईकडं. "आता कोर्टच म्हनायलंय तर आपन कोन," असं म्हणून ती उठली. तिच्यामागं एकेक करून सगळ्या उठल्या. एकीनं जाताना आईच्या पाठीवरून हात फिरवला. साहेबांनी आमच्याकडं चहासुद्धा घेतला नाही. गाडीची वेळ झाली होती.

जमीन आईच्या नावावर झाली. त्या जमिनीवर मी शिकले. बारावी झाले, परभणीला वकिलीचं शिक्षण घेतलं, आणि काळा कोट घालून पुन्हा त्याच जिन्यावरून शिंकत वर गेले. साहेब म्हणाले, "कपाटं आवर आदी." मी तीन वर्षं कपाटं आवरली. जुन्या फायली बांधताना एका संध्याकाळी आमचीच फाईल हाताला लागली. आता मला इंग्रजी चांगलं येत होतं. मी निकाल पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला, मग पुन्हा वाचला. त्यात सरळ लिहिलं होतं, की सदर इसम मयत असल्याचं घोषित करण्यात येत आहे. कुंकवाचं अवाक्षर नव्हतं. बांगड्या नव्हत्या, देवधर्म नव्हता.

साहेब खिडकीपाशी बसले होते. मी कागद त्यांच्यापुढं धरला. "साहेब, ते कुंकवाचं वाक्य कुठं आहे?"

त्यांनी कागदाकडं पाहिलंही नाही. "न्हाई त्याच्यात."

"मग तुम्ही वाचलंत ते?"

"खोटं वाचलं."

ज्या माणसानं एका 'शक्य नाही'वरून कारकुनापासून कंडक्टरपर्यंत कुणाला सोडलं नव्हतं, त्यानं हे इतक्या सरळपणे सांगून टाकलं. ते पुढं म्हणाले, "त्या म्हातारीच्या हातात तांब्या बघितला आन मला खरं वाचनं शक्य झालं न्हाई."

मी तेव्हा तरुण होते आणि त्यांचीच शिष्या होते. मी विचारलं, "कोणतं नाही, साहेब?"

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की आपण विचारायला नको होतं हे मला लगेच कळलं. मग ते थोडंसं हसले. "लय शिकलीस. कुलूप लाव, गाडी जाईल. आन तुज्या मायला काय सांगू नको."

मी सांगितलं नाही. पुढं आम्ही दोघं पुष्कळ वर्षं त्या माडीवर बसलो. मधे कायद्याचं नाव बदललं, कलमाचा आकडा बदलला, पण ती सात वर्षं तशीच राहिली; नवं पुस्तक चाळून साहेबांनी सगळ्यात आधी तेच पाहून घेतलं. शेवटच्या वर्षी त्यांना जिना चढवेना. मी म्हणायचे, "साहेब, घरीच बसा, फायली घेऊन मी येते." ते म्हणायचे, "जिना चढनं तरास हाय." आणि प्रत्येक पायरीवर थांबत, कठडा धरत वर यायचे. मला त्यांना हाताला धरून वर न्यायची फार इच्छा व्हायची, पण त्यांना ते चालायचं नाही, म्हणून मी दोन पायऱ्या मागं राहायचे. अजूनही जिना चढताना मी हळू चढते. मागं-पुढं कुणी नसतं.

शोकसभेच्या दिवशी मी संध्याकाळी गावी गेले. आईला फोनवर सांगितलं नव्हतं. तिनं चुलीपुढं बसून ऐकलं. तिला आता नीट दिसत नाही, पण कपाळावरचं कुंकू अजून अंदाजानं बरोबर मध्यावर लागतं. मग ती उठली, लुगड्यांच्या खालून तो कागद काढला आणि माझ्या हातात दिला.

"वाच," म्हणाली. "साहेबांनी वाचलं तसं."

मी कागद उघडून धरला आणि वाचलं. सदरहू इसमाची सात वर्षे खबर नाही. केवळ जमिनीच्या कामापुरता तो नाही असे धरून चालावे. कुंकू, बांगड्या, देवधर्म यांस हा हुकूम लागू नाही. साहेबांचा आवाज मला येत नव्हता, माझाच येत होता, आणि तो मधेच फुटला.

आई म्हणाली, "त्याच्यात ते न्हाई ना लिवलेलं?"

मी विचारलं, "तुला कधी कळलं?"

"त्याच दिशी. साहेब वाचायलते, पर कागदाकडं बघतच नव्हते. आन कोर्टाच्या कागदात कुकू कशाला आसतंय, बाई?"

"मग तू इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"काय बोलू?" तिनं डोळ्याला पदर लावला. "जलमभर शबुद तोलून बोलनारा मानूस. माज्या येकटीसाठी खोटं बोलला. ते मी मोडू व्हय?"

बाहेर गुरांना पाणी पाजून कुणीतरी बादली आपटली. आई भिंतीला टेकून नीट बसली, डोक्यावरचा पदर सारखा केला.

"पुन्यांदा वाच," ती म्हणाली. "आन जरा दमानं वाच, त्येनी वाचलं तसं."

मी कागद घडी करून मांडीवर ठेवला आणि तिच्याकडं बघत पहिल्यापासून वाचायला लागले.